कोंबड्यांचा फ्ल्यू आणि निरोगी माणसांचे रक्त

कुक्कुटपालन हा आता महाराष्ट्रातील शेतीचा केवळ पूरक धंदा राहिलेला नाही. परसातील दहा-बारा कोंबड्यांपासून हजारो पक्ष्यांच्या बंदिस्त शेडपर्यंत त्याचा विस्तार झाला असून असंख्य कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चालतो. या धंद्यात पक्ष्यांच्या रोगांचा विचार नेहमीच होतो. मानमोडी, देवी, गंबोरो यांच्या लसी केव्हा द्यावयाच्या हे लहान शेतकऱ्यासही ठाऊक असते. परंतु जो माणूस रोज पहाटे त्या शेडमध्ये शिरतो, गादी खालीवर करतो, मेलेले पक्षी उचलतो आणि तेथील धूळ श्वासावाटे छातीत घेतो, त्याच्या शरीरात काय घडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माणूस हिंडता-फिरता आहे, कामास जातो आहे, म्हणजे त्याला काही झालेले नाही, असे आपण धरून चालतो.

हे गृहीत धरणे बरोबर आहे किंवा नाही, हे पाहण्याची एक शास्त्रीय रीत आहे. तीत आजारी माणसांकडे न जाता निरोगी माणसांकडे जावे लागते. पुणे येथे २०१० साली कुक्कुटपालन क्षेत्रात काम करणाऱ्यांची अशी एक पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष, ते काढण्याची पद्धत आणि त्यांपासून घ्यावयाचा बोध यांची माहिती शेतकरी बंधुभगिनींना आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे.

रक्तात राहणारी नोंद

मराठीत ‘मानमोडी’ हा शब्द दोन रोगांना लावला जातो. कोंबड्यांच्या राणीखेत रोगास मानमोडी म्हणतात आणि १९१८ साली देशभर लक्षावधी माणसांचा बळी घेणाऱ्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीसही जुनी माणसे मानमोडीच म्हणत. हे दोन रोग अगदी वेगवेगळ्या विषाणूंचे आहेत. परंतु माणसाचा फ्ल्यू आणि पक्ष्यांचा फ्ल्यू यांचे मात्र खरोखरीचे नाते आहे. फ्ल्यूच्या विषाणूंचे मूळ घर म्हणजे रानातील पाणपक्षी. तेथून ते कोंबड्यांत, बदकांत, डुकरांत येतात आणि अधूनमधून माणसापर्यंत पोहोचतात.

असा विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी झुंजण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे ज्या विषाणूविरुद्ध बनलेली असतात त्यालाच प्रामुख्याने ओळखतात. माणूस आजारी पडो वा न पडो, विषाणूने शरीरात मूळ धरले असेल तर बहुधा प्रतिपिंडे तयार होतात आणि विषाणू निघून गेल्यावरही पुष्कळ काळ रक्तात टिकतात. तलाठ्याच्या पीकपाहणीवरून गेल्या हंगामात शेतात काय उभे होते ते कळते, त्याचप्रमाणे प्रतिपिंडांवरून पूर्वी कोणता विषाणू येऊन गेला ते कळू शकते. शेत आज मोकळे असले तरी नोंद राहते.

या नोंदीचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला आहे. डुकरांच्या फ्ल्यूचा विषाणू शोधून काढणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड शोप यांनी १९३६ साली निरनिराळ्या वयांच्या माणसांचे रक्त तपासले. डुकरांच्या विषाणूस निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे प्रौढ माणसांत सर्रास आढळली. बारा वर्षांखालील मुलांत ती क्वचितच दिसली. त्यांच्या रक्तावरून, मुलांच्या जन्माआधी येऊन गेलेल्या १९१८ च्या साथीचा विषाणू डुकरांच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक असला पाहिजे, असा अंदाज बांधता आला.

पुणे येथील पाहणी

कोंबड्यांत आढळणाऱ्या फ्ल्यूच्या विषाणूंचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी एच५एन१ हा प्रकार शेतकऱ्यांना अधिक परिचित आहे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये त्याचा भारतातील पहिला प्रादुर्भाव झाला आणि त्या परिसरातील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. एच९एन२ हा दुसरा प्रकार त्या मानाने सौम्य होय. त्याने पक्षी धडाधड मरत नाहीत. थोडी सर्दी-घरघर होते, अंडी कमी होतात, आणि दुसऱ्या एखाद्या रोगाची जोड मिळाली तरच मरतूक वाढते. म्हणूनच तो ओळखू येत नाही आणि कळपात बराच काळ टिकून राहतो. भारतातील कोंबड्यांत हा प्रकार असल्याचे या शतकाच्या पहिल्या दशकातच दिसून आले होते.

पुण्यास १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आले. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये पुणे येथील कुक्कुटपालन क्षेत्रातील ३३८ कामगारांचे रक्त घेऊन त्यात एच९एन२ विरुद्धची प्रतिपिंडे आहेत काय, हे तपासले. तुलनेसाठी पुण्यातील सामान्य लोकांचे २४९ नमुने घेण्यात आले. तपासणीसाठी दोन निरनिराळ्या परीक्षा वापरल्या गेल्या.

निष्कर्ष असे निघाले : पहिल्या परीक्षेत कामगारांपैकी ४.७ टक्के आणि दुसऱ्या परीक्षेत ३.८ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. दोहोंपैकी कोणत्याही एका परीक्षेत तरी प्रतिपिंडे दाखविणारे लोक ३३८ पैकी २१, म्हणजे ६.२ टक्के होते. सामान्य लोकांच्या २४९ नमुन्यांत मात्र पहिल्या परीक्षेत एकही नमुना तसा निघाला नाही. कुक्कुटपालन कामगारांमधील एच९एन२ च्या प्रतिपिंडांची भारतातील ही पहिली नोंद होय. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली.

परीक्षा कशी करतात

माणसाच्या दंडाच्या शिरेतून चमचाभर रक्त घेतात. ते साकळू दिले की तांबडा भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, स्वच्छ द्रव उरतो. हे रक्तजल, प्रयोगशाळेत त्यास सीरम म्हणतात. प्रतिपिंडे या रक्तजलात असतात.

पहिली परीक्षा फ्ल्यूच्या विषाणूच्या एका खोडीवर आधारलेली आहे. हा विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटतो आणि त्यांना एकमेकींत जखडून टाकतो. ही खोड १९४१ साली जॉर्ज हर्स्ट या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली. विषाणू आणि रक्तपेशी एका लहानशा वाटीत एकत्र केल्या तर पेशींचे जाळे वाटीभर पसरून राहते. परंतु विषाणूत आधी प्रतिपिंडे असलेले रक्तजल मिसळले, तर प्रतिपिंडे विषाणूस घेरतात, त्याला पेशींना चिकटता येत नाही, आणि मोकळ्या राहिलेल्या पेशी तळाशी जाऊन गुंडीसारखा तांबडा ठिपका तयार होतो.

रक्तजल किती प्रबळ आहे हे पाहण्यासाठी ते पायरीपायरीने पातळ करतात : दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, याप्रमाणे. पुण्याच्या पाहणीत चाळीसपट किंवा अधिक पातळ केल्यावरही जे रक्तजल विषाणूस रोखू शकले, तेच प्रतिपिंडयुक्त मानण्यात आले. याहून खालची मर्यादा धरली असती तर माणसांच्या नेहमीच्या फ्ल्यूविरुद्धची प्रतिपिंडेही थोडीफार मोजली जाण्याचा धोका होता. याहून वरची धरली असती तर खरी लागण झालेली माणसे सुटून गेली असती.

दुसऱ्या परीक्षेत जिवंत विषाणू आणि रक्तजल एकत्र करून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर घालतात. प्रतिपिंडे असल्यास विषाणूचा पेशींत शिरकाव होत नाही. ही परीक्षा अधिक कष्टाची असून ती बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेतच करावी लागते. दोन्ही परीक्षा प्रतिपिंडांचे निरनिराळे गुण मोजतात. त्यामुळे दोहोंत नेमकी तीच माणसे निघतील असे नाही, आणि पुण्यासही तसे झाले नाही.

शितावरून भाताची परीक्षा

सर्व कामगारांचे रक्त तपासणे शक्य नसते. थोड्यांचे तपासून सर्वांविषयी अनुमान काढावयाचे असते. शितावरून भाताची परीक्षा करतात ती हीच. परंतु सुगरण गृहिणी भात ढवळून मगच शीत उचलते, कारण वरचे शीत शिजले म्हणून तळचा भात शिजला असे होत नाही.

माती परीक्षणाच्या वेळी शेतकरी हेच पथ्य पाळतात. बांधाजवळची, खताच्या ढिगाखालची, झाडाच्या सावलीतील माती नमुन्यात घेत नाहीत; शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणची माती काढून एकत्र करतात. रक्ताच्या पाहणीतही एकाच शेडवरील, एकाच ओळखीतील किंवा आपण होऊन पुढे आलेल्या माणसांचेच नमुने घेतले तर उत्तर एका बाजूस झुकते. आजाराने काम सोडून गेलेला मजूर शेडवर सापडत नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते.

नमुन्याच्या आकाराचाही परिणाम होतो. ३३८ पैकी ४.७ टक्के हा आकडा अगदी नेमका समजावयाचा नसतो. एवढ्या नमुन्यावरून खरे प्रमाण अदमासे अडीच ते सात टक्क्यांच्या दरम्यान कोठेतरी असेल, एवढेच म्हणता येते. त्याचप्रमाणे २४९ पैकी शून्य म्हणजे सामान्य लोकांत ही लागण मुळीच नाही असे नव्हे. यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे : नमुन्यांत एकही सापडला नाही, तर ३ या आकड्यास नमुन्यांच्या संख्येने भागावे. ३ भागिले २४९ म्हणजे सुमारे १.२ टक्के. खरे प्रमाण यापेक्षा जास्त नसावे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

तुलना करतानाही सारख्याशी सारखेच ताडून पाहावे. सामान्य लोकांचे नमुने पहिल्या परीक्षेने शून्य निघाले, म्हणून त्यांची तुलना कामगारांच्या ४.७ टक्क्यांशी करणे योग्य. दोन्ही परीक्षा मिळून आलेल्या ६.२ टक्क्यांशी नव्हे. अशी काटेकोर तुलना केल्यावरही कामगारांतील प्रमाण स्पष्टपणे अधिक दिसते. कोंबड्यांच्या सहवासात राहणाऱ्यांकडे हा विषाणू निःशब्दपणे येऊन जातो, हा पाहणीचा मुख्य निष्कर्ष आहे.

या आकड्यांचे महत्त्व

प्रतिपिंडे आढळलेली माणसे आजारी नव्हेत. त्यांच्यापासून घरच्यांना धोका आहे असेही नाही, कारण प्रतिपिंडे म्हणजे विषाणू नव्हे. विषाणू बहुधा केव्हाच निघून गेलेला असतो. मग या मोजमापाची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याची तीन उत्तरे आहेत.

पहिले असे की, रोग किती घातक आहे हे त्याविना कळत नाही. रुग्णालयात शंभर रुग्ण आले आणि पन्नास दगावले, तर रोग निम्म्या लोकांना मारतो असे वाटते. परंतु गावात आणखी नऊशे लोकांना तोच रोग होऊन तो साध्या सर्दीवर निभावला असेल, तर हजारांत पन्नास, म्हणजे पाचच टक्के दगावले असा हिशेब होतो. मृत्यूंचा आकडा तोच राहतो, भागाकार बदलतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ ची माणसांत प्रथमच लागण झाली. १८ रुग्णांपैकी ६ दगावले. त्यानंतर तेथील कोंबडीबाजारातील सुमारे दीड हजार कामगारांचे रक्त तपासता त्यांपैकी जवळजवळ दहा टक्क्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. कोंबड्या नष्ट करण्याच्या कामावरील सरकारी कर्मचाऱ्यांत हे प्रमाण तीन टक्के होते. म्हणजे ज्याने रुग्णालयात तिसरा हिस्सा माणसे नेली, तोच विषाणू बाजारात अनेकांना स्पर्श करून गेला होता आणि त्याची कोणास वार्ताही नव्हती.

दुसरे उत्तर असे की, कोणते काम अधिक धोक्याचे, हे त्यावरून समजते. हाँगकाँगच्या पाहणीत पक्षी कापणाऱ्या आणि आजारी पक्षी हाताळणाऱ्या माणसांत प्रतिपिंडे अधिक आढळली. अमेरिकेत २०२४ साली एच५एन१ दुभत्या गाईंमध्ये शिरला, तेव्हा मिशिगन व कोलोरॅडो या राज्यांतील गोठ्यांवरील ११५ कामगारांचे रक्त तपासण्यात आले. आठ जणांत प्रतिपिंडे निघाली. ते आठही जण गाई पिळण्याचे किंवा दूध काढण्याची जागा धुण्याचे काम करीत होते. त्यांपैकी निम्म्यांना आपण आजारी पडल्याचे आठवतही नव्हते.

तिसरे उत्तर पुढील धोक्यासंबंधी आहे. फ्ल्यूच्या विषाणूची जनुके आठ निरनिराळ्या तुकड्यांत विभागलेली असतात. एकाच पेशीत दोन प्रकारचे विषाणू शिरले तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच, नवा विषाणू निपजतो. सौम्य असा एच९एन२ या अदलाबदलीत वारंवार भाग घेतो. हाँगकाँगच्या १९९७ च्या एच५एन१ विषाणूची आणि चीनमध्ये २०१३ साली माणसांत आढळलेल्या एच७एन९ या विषाणूची अंतर्गत जनुके एच९एन२ शी निगडित असल्याचे दिसून आले. कोंबड्यांचा विषाणू घेतलेल्या माणसास त्याच वेळी माणसांचा फ्ल्यू झाला तर अशी अदलाबदल माणसाच्या छातीतही घडू शकते.

ही भीती केवळ दूरदेशीची नाही. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात २०१९ साली सतरा महिन्यांच्या एका बालकास एच९एन२ ची लागण झाल्याचे पुण्याच्या संस्थेने ओळखले. भारतातील अशा प्रकारचा तो पहिला रुग्ण होता. ते बालक पूर्ण बरे झाले. एच५एन१ ने माणसाचा मृत्यू झाल्याची देशातील पहिली नोंद २०२१ साली झाली. असे रुग्ण आजवर विरळ आहेत. परंतु पुण्याच्या पाहणीवरून असे म्हणावे लागते की, विरळ असतात ते ओळखले गेलेले रुग्ण. लागण तितकी विरळ नसते.

उंट पाळणाऱ्यांचा दाखला

याच रीतीने फार मोठ्या प्रमाणावर केलेली एक पाहणी अरबस्तानातील आहे. सौदी अरेबियातील जेद्दा येथे २०१२ साली श्वसनाच्या एका नव्या रोगाचा विषाणू सापडला. त्यास मेर्स असे नाव मिळाले. आतापर्यंत नोंदलेल्या रुग्णांपैकी दर तिघांत एकाहून अधिक दगावले आहेत. या विषाणूचा साठा उंटांत असल्याचे पुढील संशोधनाने निश्चित झाले. उंटाला त्यापासून फार तर सर्दी होते.

सौदी अरेबियाच्या तेराही प्रांतांतून डिसेंबर २०१२ ते डिसेंबर २०१३ या काळात १०,००९ लोकांचे रक्त गोळा करण्यात आले. येथे एक अडचण होती. समजा, हजारांत एकालाच लागण झालेली आहे आणि वापरावयाची परीक्षा शंभरांत एकदा चुकून ‘आहे’ असे सांगते. मग दहा हजारांत खरे दहा आणि खोटे शंभर मिळतील. धान्यापेक्षा खडेच अधिक! म्हणून आधी मोठ्या भोकांची चाळणी लावून मग सुपाने पाखडावे त्याप्रमाणे सर्व नमुने प्रथम सोप्या परीक्षेतून काढले आणि त्यांतून उरलेले अधिक कठोर परीक्षांनी पारखले. अखेर १५ नमुने पक्के ठरले. हे प्रमाण ०.१५ टक्के, म्हणजे हजारी दीड, पडते.

उंट पाळणाऱ्यांत व कत्तलखान्यांत मात्र चित्र निराळे दिसले. ८७ मेंढपाळ-उंटपाळांपैकी २ आणि कत्तलखान्यांतील १४० कामगारांपैकी ५ जणांत प्रतिपिंडे होती. सामान्य लोकांच्या मानाने हे प्रमाण अनुक्रमे सुमारे पंधरापट व तेवीसपट भरते. अंतर्भागातील प्रांतांत ते किनाऱ्यावरील प्रांतांपेक्षा, आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक होते. सबंध देशाचा हिशेब मांडता सुमारे ४५ हजार लोकांना लागण होऊन गेली असावी, असा अंदाज निघाला. त्या वेळी नोंदलेले रुग्ण दोनशेच्या आतच होते. प्रतिपिंडे असलेल्यांचे सरासरी वय गंभीर रुग्णांच्या सरासरी वयापेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी भरले. त्यावरून, जनावरांत काम करणारी तरणी माणसे स्वतः न आजारता रोग घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत नेत असावीत, असा तर्क संशोधकांनी मांडला. उंटाशी संबंध न आलेल्या कित्येक रुग्णांचे कोडे त्यामुळे उलगडू लागले.

कोकणातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीनिमित्त राहतात, आणि राज्यातून दरवर्षी अनेक भाविक हजला जातात. त्यांनी तेथे उंटांपासून दूर राहावे, कच्चे उंटिणीचे दूध पिऊ नये, आणि परतल्यानंतर ताप-खोकला आल्यास प्रवासाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

गावाने यापूर्वी केलेले सहकार्य

महाराष्ट्रातील खेड्यांना अशी पाहणी नवीन नाही. करोनाच्या साथीत मे-जून २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ७० जिल्ह्यांतून २८,००० प्रौढांचे रक्त तपासले. त्यात महाराष्ट्रातील बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे सहा जिल्हे होते. प्रत्येक जिल्ह्यातून दहा ठिकाणे निवडून घरटी एकाच प्रौढाचा नमुना घेण्यात आला. त्या वेळी देशात प्रतिपिंडांचे प्रमाण ०.७३ टक्के आढळले. एवढ्याशा टक्केवारीवरूनही, ओळखलेल्या प्रत्येक रुग्णामागे न ओळखलेल्या लागणी पाऊणशेहून अधिक आहेत, हे शासनास समजले. पुढील वर्षी जून-जुलैमध्ये हेच प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले. त्यात लसीकरणाचाही वाटा होता. ज्या गावकऱ्यांनी टाळेबंदीच्या भीतीच्या दिवसांतही दंड पुढे केला, त्यांच्यामुळेच हे आकडे हाती आले.

कार्यकर्त्यांचे आणि शेतकऱ्यांचे काम

कुक्कुटपालकांच्या मनात अशा पाहणीविषयी शंका असणे स्वाभाविक आहे. ‘विषाणू सापडला’ अशी आवई उठली तर कोंबडी कोणी घेणार नाही, ही भीती खोटी नाही. २०२० च्या आरंभी कोंबडीमुळे करोना होतो अशी निराधार अफवा पसरली आणि राज्यातील शेतकऱ्यांना मातीमोल भावाने पक्षी विकावे लागले. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांना पुढील गोष्टी आधीच समजावून द्याव्यात.

रक्ताचा नमुना देणे ऐच्छिक असते आणि देणाऱ्याची संमती घ्यावी लागते. रक्त चमचाभरच घेतात. त्याने अशक्तपणा येत नाही. प्रतिपिंडे निघाली म्हणजे माणूस रोगी ठरत नाही, आणि त्याची कोंबडी खाण्यास अयोग्यही ठरत नाही. नीट शिजविलेले मांस व उकडलेली अंडी यांपासून हा विषाणू होत नाही, कारण उष्णतेने तो नष्ट होतो. प्रश्नांची उत्तरे देताना काम लपवू नये; कोण पक्षी कापतो, कोण शेड झाडतो, कोण केवळ हिशेब पाहतो, हे बरोबर सांगितले तरच धोका नेमका कोठे आहे ते कळते.

पाहणी होवो वा न होवो, शेडवर काम करणाऱ्यांनी पुढील नियम पाळावेत :

१. शेडसाठी निराळे कपडे व पादत्राणे ठेवावीत. ती घरात नेऊ नयेत.

२. गादी काढताना, शेड झाडताना व मेलेले पक्षी उचलताना नाका-तोंडावर मास्क व हातांत मोजे घालावेत. कोरडी धूळ उडू नये म्हणून आधी थोडे पाणी शिंपडावे.

३. काम संपताच साबणाने हात धुवावेत. शेडमध्ये खाणे, विडी ओढणे, तंबाखू मळणे टाळावे.

४. कोंबड्या, बदके व डुकरे एकत्र पाळू नयेत. रानपाखरे शेडमध्ये येणार नाहीत अशी जाळी लावावी.

५. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत.

६. अंडी अकस्मात घटली किंवा मरतूक वाढली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी. बर्ड फ्ल्यूची वर्दी देणे कायद्यानेही आवश्यक आहे, आणि शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची ठरावीक दराने भरपाई मिळते.

७. शेडवरील माणसास ताप, खोकला किंवा डोळे येणे असे काही झाल्यास त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि ‘मी कोंबड्यांत काम करतो’ हे न विचारता सांगावे. या एका वाक्याने योग्य तपासणी वेळेवर होऊ शकते.

पीक डोलताना दिसते तेव्हाही जाणता शेतकरी पानाची मागची बाजू उलटून पाहतो, कारण कीड तेथे आधी दिसते. निरोगी माणसांच्या रक्ताची पाहणी हा तसाच उपाय आहे. पुण्याच्या ३३८ कामगारांनी दिलेल्या चमचाभर रक्तामुळे, कोंबड्यांचा एक विषाणू माणसापर्यंत पोहोचत आहे हे मेळघाटातील बालक आजारी पडण्यापूर्वी कित्येक वर्षे आधी कळले. अशी पूर्वसूचना मिळत राहावी, यासाठी गावोगावच्या कुक्कुटपालकांनी आणि कार्यकर्त्यांनी अशा पाहणीस मनापासून साहाय्य करावे. त्यात त्यांचे स्वतःचे, त्यांच्या कुटुंबाचे आणि धंद्याचेही हित आहे.